बाटली क्रमांक ५३-एन

म्हैसूरहून नंजनगूडकडे निघाले की शहराची वस्ती संपते न संपते तोच कडकोळ येते. रेल्वेचे एक लहानसे स्थानक, आजूबाजूला शेते, आणि त्या शेतांतून गेल्या काही दशकांत उभे राहिलेले कारखाने. श्रीकंठेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांचे या गावाकडे फारसे लक्ष जात नाही. माझेही जात नसे. परंतु माझी पुतणी त्या बाजूच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि निवृत्तीनंतर तिच्याकडे चार दिवस राहायला गेलो असताना एका सकाळी तिच्याबरोबर तेथे जाण्याचा योग आला.

तिची प्रयोगशाळा विषशास्त्राची आहे. कीटकनाशके, रंग, औषधांची द्रव्ये, लशी हे सारे माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात जाण्यापूर्वी त्यापासून अपाय होतो की काय, किती मात्रेला होतो आणि कोणत्या अवयवाला होतो, हे तेथे तपासले जाते. प्राण्यांच्या दालनात परक्या माणसाला प्रवेश नसतो. मी पाहुण्यांच्या खोलीतच बसलो. पुतणीचे काम उंदीर-गिनीपिग हाताळण्याचे नाही. ती गुणवत्ता-हमी विभागात आहे, म्हणजे ज्यांनी प्रयोग केला त्यांनी तो लिहून ठेवल्याप्रमाणेच केला का, हे ती तपासते. तिने मला नोंदींच्या तक्त्याचा एक कोरा नमुना दाखवला. कुपीचा क्रमांक, बॅचचा क्रमांक, शीतपेटीतून बाहेर काढल्याची वेळ, झाकण उघडल्याची वेळ, उघडणाऱ्याची सही, पाहणाऱ्याची सही, असे रकान्यांमागून रकाने.

"चूक झाली तर?" मी विचारले.

"एकच रेघ मारायची, काका. खालचं जुनं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, कारण, सही आणि तारीख. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. वरून कागद चिकटवणं तर नाहीच."

तीस-बत्तीस वर्षे शासकीय नस्त्या हाताळलेल्या माणसाने यावर काय बोलावे? मी चहा प्यालो. पण त्या तक्त्यातला 'झाकण उघडल्याची वेळ' हा रकाना पाहून मला मुंबईच्या परळमधली एक जुनी बाटली आठवली. तिचा क्रमांक ५३-एन. ती बाटली मी अर्थातच पाहिलेली नाही. १९०२ साली ती फुटली, की चौकशीच्या कागदांबरोबर कोठे गेली, कोण जाणे. पण माझ्या मते भारतीय प्रशासनाच्या इतिहासात जी थोडी निर्जीव पात्रे लक्षात ठेवण्याजोगी आहेत, त्यांत तिचा क्रमांक बराच वरचा आहे.

मुंबईबाहेर व देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांना हाफकिन हे नाव परिचयाचे असते ते संस्थेचे म्हणून. परळची हाफकिन संस्था, सर्पदंशावरचे औषध, पोलिओचे थेंब. ज्या माणसाचे हे नाव, तो वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात जन्मला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने पटकीवरची लस तयार केली, जुलै १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर वैद्याने प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून बोलावून घेतले. त्याला मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली व एक पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली, ताप आणि वेदना सोसल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरली गेली. कैद्याची 'स्वेच्छा' म्हणजे काय, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडत नव्हता. आज तो सर्वांत आधी पडेल, आणि पडायलाच हवा.

लस बनवण्याची रीत मात्र त्या काळाच्या मानाने विलक्षण विचारपूर्वक ठरवलेली होती. जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस लागतो. गाईचे किंवा डुकराचे मांस चालणार नाही हे ओळखून हाफकिनने बकऱ्याचे मांस वापरले. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले जात. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली वाढत. चंबू न हलवता ठेवायचा आणि हे सुळके नीट दिसले म्हणजे वाढ शुद्ध प्लेगजंतूंची आहे असे समजायचे. सुमारे सहा आठवड्यांनी चंबू तापवून जंतू मारायचे व टिकाऊपणासाठी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे. म्हणजे उत्पादन व तपासणी एकाच चंबूत, एकाच माणसाच्या नजरेखाली. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. जेथे एके काळी गव्हर्नरांच्या मेजवान्या होत, तेथे आता लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

या लशीचा आणि मी ज्या मुलखात बसलो होतो त्याचा संबंध अगदीच दूरचा नाही. प्लेग रेल्वेने प्रवास करतो. १८९८ साली तो हुबळीत होता. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि तेथे हाफकिनची लस फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. त्याच वर्षी ऑगस्टात तो बंगळूरला पोहोचला आणि तेथून संस्थानात पसरला. म्हैसूर दरबाराने प्लेग कमिशनर म्हणून नेमले ते व्ही. पी. माधवराव यांना. ते कुंभकोणमचे, तंजावरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. पुढे १९०६ साली म्हैसूरचे दिवाण झाले. पुण्यात रँडच्या कारकिर्दीची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री कशी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. बंगळूर-म्हैसूर भागात प्लेगची आठवण राहिली ती नव्या, मोकळ्या वस्त्यांच्या रूपाने आणि प्लेगम्मा नावाच्या देवीच्या लहान देवळांच्या रूपाने. माधवरावांवर कोणीतरी स्वतंत्र लिहायला हवे. असो.

आता मुल्कोवाल. पंजाबातल्या तेव्हाच्या गुजरात जिल्ह्यातले हे गाव. आज ते पाकिस्तानात आहे. १९०२ च्या हिवाळ्याआधी पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध लस टोचण्याची प्रचंड मोहीम आखली आणि परळवर मागणीचा भार पडला. हाफकिनने उत्पादनाची पद्धत बदलली. मांसाच्या रसाऐवजी आगरवर जंतू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक आम्ल वगळायचे. केवळ उष्णतेवर विसंबण्याची रीत पाश्चर संस्थेत रूढ होती. तेव्हा हा बदल लहरीचा नव्हता. पण तो बदल होता, आणि घाईच्या काळातला होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडाभराने काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. १९ जणांना तो झाला आणि एकोणीसही जण दगावले. या एकोणिसांची नावे टोचणीच्या यादीत शोधली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. सर्वांना लस मिळाली होती ती एकाच बाटलीतून, ५३-एन मधून. इतर चार बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नव्हते.

क्षणभर थांबून या यादीचा विचार करावा असे मला वाटते. पंजाबातले एक गाव, उघड्यावर मांडलेले टेबल, शंभरावर माणसांची रांग, आणि कोणीतरी प्रत्येक नावापुढे बाटलीचा क्रमांक लिहीत आहे. त्याला असे करण्याचा कंटाळा आला असता, तर आपल्याला एवढेच कळले असते की १०७ जणांना लस दिली आणि १९ मेले. मग दोष सगळ्या लशीचा ठरला असता, किंवा अफवेप्रमाणे सरकारच्या हेतूचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य बॉमफर्ड आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे सेंपल असे तिघे. प्रश्न एकच होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कोठे, परळला की मुल्कोवालला?

साक्षीत एक गोष्ट पुढे आली. बाटलीचे बूच ज्या चिमट्याने काढायचे तो चिमटा कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्याने पुसून घेतला. नियमाप्रमाणे ज्योतीतून फिरवला नाही. त्याच चिमट्याने ५३-एन चे बूच काढले गेले. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत, विशेषतः जनावरांच्या शेणाने भरलेल्या मातीत, मुबलक असतात, आणि कार्बोलिकच्या बोळ्याने ती मरत नाहीत. दुसरी गोष्ट. लस टोचणाऱ्या डॉक्टर इलियट यांनी बाटली उघडल्यावर तिचा वास घेतला होता आणि त्यांना कसलाही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू एखाद्या द्रवात आठवडेच्या आठवडे वाढले असतील तर त्याला दुर्गंधी येते. तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते, आणि ती विषशास्त्राची आहे. जंतू बाटलीतच वाढले असते तर त्यांचे विषही त्या द्रवात तयार झालेले असते आणि टोचल्यापासून थोड्याच अवधीत लक्षणे दिसली असती. लक्षणे दिसली आठवड्याने, म्हणजे ताजे जंतू शरीरात शिरून, तेथे वाढून, मग विष तयार व्हायला जेवढा काळ लागावा तेवढ्याने. मृत्यूचे वेळापत्रकच सांगत होते की बाटली परळहून निघाली तेव्हा निर्दोष होती.

आयोगाने मात्र निष्कर्ष काढला तो उलट. बाटली मुल्कोवालला उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक होती. हाफकिनला संचालकपदावरून दूर केले गेले. १९०४ साली तो युरोपात परतला. लंडनच्या लिस्टर संस्थेने कागद तपासून, दूषण बहुधा बाटली उघडतानाच झाले असावे, असे मत दिले होते. तरीही निर्णय बदलायला वर्षे गेली. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस व इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून आयोगाचे तर्क एकेक करून खोडून काढले. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिनला दोषमुक्त केले. तो परत आला, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याला मिळाली नाही आणि माणसांवर नव्या लशींची चाचणी घेण्याची मुभाही मिळाली नाही. काही वर्षांत निवृत्त होऊन तो निघून गेला आणि १९३० साली लोझान येथे वारला. परळच्या संस्थेला त्याचे नाव १९२५ मध्ये दिले गेले. त्याच्या चरित्रकारांनी या प्रकरणाला 'लहान ड्रायफस प्रकरण' म्हटले आहे. ज्यू असण्याचा भाग त्यात किती होता आणि लष्करी वैद्यक सेवेबाहेरचा, वैद्यकीय पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ असण्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. दोन्ही होते.

आयोगातील तिघे मूर्ख नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांची पंचाईत मी ओळखतो. चौकशी अधिकाऱ्यासमोर जेव्हा दोन कारणे असतात, एक कागदावर दिसणारे आणि एक मातीत पडलेले, तेव्हा तो कागदावरचे कारण उचलतो. पद्धत बदलल्याचा कागद होता. आम्ल वगळल्याचा कागद होता. चिमटा पडल्याची मात्र केवळ साक्ष होती. कागद हाताशी असला की त्यावर दोष ठेवणे सोपे जाते. आणि मग कागद नीट ठेवणाऱ्याचाच बळी जातो, हे या प्रकरणातले सर्वांत कडू सत्य. हाफकिनने आपला बदल लपवला असता, तर कदाचित तो वाचलाही असता.

हे मी तिऱ्हाईताच्या तटस्थतेने लिहितो आहे असे वाचकांनी समजू नये. १९९० च्या दशकात मी एका जिल्ह्यात असताना एका उपकेंद्रात गोवराची लस दिल्यानंतर काही मुले आजारी पडली आणि त्यांतले एक मूल गेले. प्राथमिक चौकशीचा अहवाल माझ्याकडे आला. गोवराची लस भुकटीच्या रूपात असते. ती द्रावकात मिसळली की ठरावीक तासांतच वापरायची आणि उरली तर फेकून द्यायची असते, कारण तीत जंतुरोधक द्रव्य नसते आणि उन्हात तीच कुपी रोगजंतूंचे माहेरघर होते. उपकेंद्राच्या नोंदवहीत मुलांची नावे होती, वयेही होती. कुपीचा क्रमांक नव्हता. कुपी किती वाजता मिसळली हे नव्हते. साठावहीत दोन बॅचेस होत्या. त्या दिवशी कोणती काढली हे लिहिलेले नव्हते. रिकाम्या कुप्या त्याच संध्याकाळी पुरून टाकल्या होत्या. म्हणजे लस मुळातच सदोष होती का, वाटेत तापली का, की दुपारी तीन वाजता सकाळची कुपी वापरली गेली, यांतले काहीही सिद्ध करण्याचा किंवा खोडण्याचा मार्ग उरला नव्हता. कागदावर एकच गोष्ट होती, परिचारिकेची सही. अहवालात 'हलगर्जीपणा' हा शब्द होता आणि मी त्याखाली 'सहमत' लिहिले. तिची वेतनवाढ रोखली गेली व बदली झाली. माझ्या दालनात ती एकदाच आली होती. "साहेब, मी नियमाप्रमाणंच केलं," एवढेच म्हणाली. मी तिला लेखी खुलासा द्यायला सांगितले.

कडकोळला मी ही हकीकत पुतणीला सांगितली. तिने विचारले, "काका, कुपी किती वाजता उघडली, हे तुम्ही तिला तोंडी तरी विचारलं होतं का?" मी विचारले नव्हते. नोंदवहीत रकाना नव्हता, म्हणून मला प्रश्न सुचला नाही, हे त्याचे खरे उत्तर.

मुल्कोवालच्या वर्षभर आधी अमेरिकेत सेंट लुइस येथे याच्याशी अगदी जुळणारी घटना घडली होती. तेथे घटसर्पावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून काढीत. जिम नावाचा एक घोडा होता. ऑक्टोबर १९०१ च्या आरंभी त्याला धनुर्वात झाल्याचे आढळले व त्याला मारण्यात आले. पण सप्टेंबरअखेर त्याचे जे रक्त काढले होते, त्यातला रक्तद्रव बाटल्यांत भरून बाहेर गेला होता, आणि काही बाटल्यांवर ऑगस्टची तारीख होती. तेरा मुले दगावली. येथे घोटाळा उलट्या बाजूचा होता. बाटलीवरचा कागदच खोटा बोलत होता. त्यानंतर जुलै १९०२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने जैविक औषधांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. मुल्कोवाल त्यानंतर चार महिन्यांनी घडले. दोन खंडांत एकाच रोगाने, जवळपास एकाच वेळी, तोच प्रश्न विचारला होता. बाटलीत काय आहे हे बाटलीवरून कळते का?

त्या काळातच एक साधी चाचणी रूढ झाली. लशीच्या किंवा प्रतिविषाच्या प्रत्येक बॅचमधून थोडे द्रव्य काही उंदरांना व गिनीपिगांना टोचायचे आणि सात दिवस पाहायचे. जगले, वजन घटले नाही, तर बॅच बाजारात. ही चाचणी मुळात दोन गोष्टी पकडण्यासाठी होती. टिकाऊपणासाठी घातलेले कार्बोलिक आम्ल जास्त झाले आहे का, आणि धनुर्वाताचे विष मिसळले आहे का. म्हणजे हाफकिनने जे वगळले म्हणून त्याला दोष दिला, आणि ज्याने ती एकोणीस माणसे मेली, नेमक्या त्या दोन्ही गोष्टी. शंभर वर्षांहून अधिक काळ कोट्यवधी मात्रांमागे हे सात दिवस पाळले गेले. उत्पादनाच्या पद्धती सुधारल्यावर ही चाचणी फारसे काही सांगत नाही, असे लक्षात आले आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ती आपल्या शिफारशींतून वगळण्याचे ठरवले. युरोपीय औषधकोशानेही ती काढून टाकली. मुक्या प्राण्यांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले.

रसायनांच्या बाबतीत हा धडा जगाला फार उशिरा मिळाला, आणि तोही प्रयोगशाळेच्या आतून. अमेरिकेत इलिनॉय राज्यात इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची मोठी खासगी प्रयोगशाळा होती. कीटकनाशके, औषधे, सौंदर्यप्रसाधने अशा असंख्य वस्तूंच्या सुरक्षिततेचे दाखले ती देई. १९७६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले अधिकारी एड्रियन ग्रॉस यांनी तेथल्या मूळ नोंदी मागवल्या. उंदरांच्या नोंदींत वारंवार 'टीबीडी' अशी अक्षरे येत होती. अर्थ विचारला तेव्हा कळले की, कुजल्यामुळे तपासता न आलेले प्राणी. पाण्याच्या बिघडलेल्या यंत्रणेने पिंजऱ्यांत पाणी साचे, उंदीर मरत, आणि मेलेल्या उंदरांच्या जागी नवे उंदीर आणून आकडे पुरे केले जात. १९८३ साली तिघे दोषी ठरले. पण त्याआधीच, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेने 'गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस'चे नियम जाहीर केले. १९८१ साली ओईसीडी या संघटनेने ते सदस्य देशांसाठी स्वीकारले. या नियमांत कोणते रसायन घातक हे एका ओळीनेही सांगितलेले नाही. नोंद कशी करावी, चूक कशी दुरुस्त करावी, कोणी कोणावर नजर ठेवावी आणि कागद कोठे जपावेत, एवढेच त्यांत आहे. पुतणीची एकाच रेघेची दुरुस्ती तेथून आली. भारताने यासाठी राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन केले २००२ साली, आणि २०११ मध्ये आपल्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष या संघटनेच्या देशांत ग्राह्य धरले जाऊ लागले. कडकोळसारख्या ठिकाणी तपासलेले द्रव्य युरोपात पुन्हा तपासावे लागत नाही ते यामुळे. एवढे प्राणी वाचतात, हा त्यातला दुर्लक्षित लाभ.

येथपर्यंत सारे ठीक. अडचण प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर सुरू होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो आजारी झाले. त्यांनी वापरलेली द्रव्ये तपासलेली नव्हती असे नाही. आपल्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक डब्यावर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, आणि तो त्रिकोण अशाच कोठल्यातरी दालनातल्या उंदरांवरून ठरलेला असतो. परंतु शेतात दोन-तीन द्रव्ये एकत्र मिसळली जातात. त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणता? कपाशी पुरुषभर वाढलेली असते, फवारा तोंडावर येतो, हातमोजे नसतात. शुद्ध हरपलेला माणूस रुग्णालयात येतो तेव्हा सोबत डबा क्वचितच येतो. डॉक्टरांना उपचार लक्षणांवरूनच करावे लागतात. मुल्कोवालला निदान क्रमांक तरी होता.

दुपारी पुतणीची सुटी झाली आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. मी तिला विचारले की आता ती सात दिवसांची चाचणी तुमच्याकडे होते का. ती म्हणाली की अजूनही एखादा ग्राहक मागतो, कारण त्याच्या देशाच्या जुन्या नियमांत ती राहून गेलेली असते. पण मागणी कमी होत चालली आहे. तो कोरा तक्ता मी तिच्याकडून मागून घेतला. तिने तो देण्यापूर्वी त्यावर तिरकी रेघ मारली, 'नमुना, वापरासाठी नाही' असे लिहिले आणि सही करून तारीख घातली. तो आता माझ्या टेबलाच्या खणात आहे.